अगाशीवरची ताटली

विमानांतून आपल्यावर काहीतरी शिंपडलं जातं, ही बातमी मला माझ्या मित्राने दिली. तो बडोद्यात हरणीला राहतो, विमानतळापासून जवळ, त्यामुळे विमानांच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा असं त्याचं मत. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या गोष्टींना हसण्याचा हक्क आपला असं माझं मत. दोन्ही मतांचं पुढे काय झालं ते ऐका.

आमची ही गेली आणि मुलगा नोकरीसाठी बंगळूरला स्थायिक झाला. तेव्हापासून माझ्या घराची घंटा वाजवणारा माणूस हा एकच. रोज संध्याकाळी हरणीहून स्कूटर काढून येणार, चहा होईपर्यंत फोन उघडणार आणि जगात काय काय लपवलं जातंय ते मला वाचून दाखवणार. मिठात काय मिसळतात, मोबाईलच्या टॉवरमुळे कबुतरांचं काय होतं, चंद्रावर कोण गेलंच नव्हतं. त्याचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते म्हणून मी त्याला शिलेदार म्हणतो. तो मला मास्तर म्हणतो, आणि त्यात आदर किती हे मी कधी तपासलेलं नाही.

त्या फवाऱ्याने माणसं विसरभोळी होतात, असं त्याचं म्हणणं. किल्ल्या, तारखा नव्हे, माणसंच विसरतात. म्हणून मुलं फोन करत नाहीत. त्याच्या स्वतःच्या सुनेने त्याला घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, तेही त्याने विमानांच्याच खात्यावर टाकलं. मी म्हटलं, अरे, माझा मुलगा तर बंगळूरला आहे. तो म्हणाला, तिथे काय बैलगाड्या उडतात?

मी हसलो. पण तो गेल्यावर, दोन माणसांचे कप विसळताना, वाटलं की हे खरं असेल तर किती सोयीचं आहे. म्हणजे मुलाचा दोष नाही, माझाही नाही.

त्याने मला प्रयोग सांगितला. गच्चीवर, म्हणजे आम्हा बडोद्याच्या लोकांच्या अगाशीवर, स्वच्छ ताटलीत पाणी भरून सकाळी ठेवायचं आणि संध्याकाळी बघायचं. प्रयोग म्हटलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. मी ताटली घासली, नळाच्या पाण्यावर विश्वास नको म्हणून पाणी उकळून गार केलं, आणि कठड्यापाशी ठेवलं.

त्या दिवशी चंपाषष्ठी होती. भरीत-रोडग्याचा नैवेद्य हिने कधी चुकवला नाही, म्हणून मीही चुकवत नाही. गॅसवर भाजलेलं वांगं खंडोबाला चालत नाही असा हिचा नियम, तेव्हा दुपारी अगाशीवर कोळशाची शेगडी पेटवून वांगी भाजली. वारा होता. डोळ्यांत धूर गेला, बोटं पोळली, भरीत बरं झालं.

संध्याकाळी शिलेदार आला. तळी उचलायला पाच जण लागतात, आम्ही दोघांनीच उचलली. "येळकोट येळकोट" असा त्याने जो आवाज लावला, त्याने खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी धावत वर आले आणि "शुं थयुं?" विचारून, खोबरं-गूळ घेऊन परत गेले. मग आम्ही ताटली बघायला गेलो.

पाण्यावर काळे, पातळ पापुद्रे तरंगत होते.

शिलेदार ताटलीवर वाकला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, आता हस." मला हसू आलं नाही. घसा खवखवायला लागला. त्याने फोटो काढला आणि बसल्याजागी सगळीकडे पाठवून दिला. त्यानंतर कित्येक दिवस मी भाजी आणायला डोक्यावर छत्री धरून गेलो, कोरड्या थंडीत. लोक बघत होते. मला त्यांची दया येत होती.

मग एके सकाळी मुलाचा मेसेज आला. तोच फोटो, आता कुठल्या तरी भलत्याच शहराचं नाव लावून फिरत होता. खाली मुलाने लिहिलं होतं, "बाबा, असलं काही खरं मानू नका." मी फोटो मोठा करून पाहिला. ताटलीच्या कडेवर हिचं नाव कोरलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि शेजारी, शेगडीच्या पायाशी, वांग्याचा एक जळका देठ.

रसायनशास्त्राचा मास्तर मी. वांग्याची करपलेली साल मला ओळखता आली नव्हती.

दिवसभर ठरवत होतो, सांगावं की नाही. सांगितलं तर तो रागावेल, उद्या येणार नाही, आणि मग घंटा वाजवणार कोण? न सांगितलं, तर रोज संध्याकाळी समोर बसून मान डोलवायची, म्हणजे तोही एकटा आणि मीही एकटाच. शेवटी चहा त्याच्या हातात दिला आणि फोन समोर धरला. वांग्याचं सांगितलं, देठ दाखवला.

त्याने कप खाली ठेवला. फोटो बराच वेळ बघितला. देठ नाही, ताटलीची कड.

"हे वहिनींचं नाव ना?"

"हो."

"याच ताटलीत जेवायचा ना पोरगा? लहानपणी?"

"याच."

"मग त्याने ओळखली?"

मी नकारार्थी मान हलवली.  माणसं विसरतात हे त्याचंच म्हणणं, खरं तर त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याने चहा तसाच अर्धा ठेवला आणि उठून पायात चपला सरकवल्या. दारात थांबला.

"उद्या परत ठेव पाणी," म्हणाला. "आणि काही भाजू नकोस."

"बघायला येशील?"

"मग काय, तुझ्या डोळ्यांवर सोडू?"