घागरीचा नंबर

मला इंग्रजी येत नाही हे कराडच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, तेही मी तोंड उघडायच्या आधी. कॉलेजचं नाव सांगत नाही. चार वर्षं तिथलं खाल्लं, आता उगाच नाव कशाला घ्या.

पद्धत अशी होती. पहिल्या वर्षाला आलेल्या सगळ्यांची इंग्रजीची चाचणी घ्यायची आणि ए, बी, सी असे गट पाडायचे. सी गटाला पूर्ण सहामाही रोज तीन ते पाच इंग्रजीचा जादा वर्ग. ऐकायला बरं वाटतं. पण कॉम्प्युटर लॅब सगळ्यांना मोकळी असायची ती नेमकी याच वेळात. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांना काही फरक पडत नव्हता. माझ्याकडे नव्हता. मी जत तालुक्यातून कॉम्प्युटर शिकायला आले होते, आणि सी गटात गेले तर मला तो बघायला मिळणार होता आठवड्याच्या दोन प्रॅक्टिकलांना, तेही एका मशीनवर तिघी. म्हणजे ज्यासाठी आले त्याच्यावरच पाणी सोडायचं.

सकाळी लेखी झाली. उताऱ्यातलं कुटुंब विमानतळावर पोचतं आणि त्यांची एक बॅग चुकून दुसऱ्याच देशात जाते. आमच्या घरात मोजून एक बॅग होती आणि ती मी हॉस्टेलला घेऊन आले होते, त्यामुळं त्या कुटुंबाचं दुःख मला फारसं भिडलं नाही. तरी सुचलं ते लिहिलं. घरात आमची कन्नड, शाळेत मराठी, फौजेतल्या काकांमुळं हिंदी, आणि चौथी ही. चौथ्या भाषेत अडखळणारा मठ्ठ आणि एकाच भाषेत फडाफडा बोलणारा हुशार, हे गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

लेखीनंतर तोंडी. नाव पुकारणं वगैरे काही नव्हतं, वऱ्हांड्यात रांग लावायची आणि एकेकानं आत जायचं. माझ्या पुढं तीसएक जण असतील, मागंही तेवढेच. तेवढ्यात कळलं की उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स बारा वाजायच्या आत खाली ऑफिसात द्यायची आहे, नाहीतर प्रवेश लटकला. दोन रांगा आणि मी एकटी. मग मी ते केलं जे आमच्या गावातलं शेंबडं पोरही करेल. बॅग रांगेत माझ्या जागी ठेवली आणि झेरॉक्स द्यायला खाली गेले.

खालच्या रांगेतून दोन तासांनी सुटून परत आले तर वऱ्हांडा रिकामा. बॅग जिन्याजवळ झाडूशेजारी आडवी पडलेली. दारात शिपाईमामा उभे होते.

“मामा, माझी बॅग कुणी हलवली?”

“मीच ठिवली बाजूला. माणूस न्हाई काय न्हाई, पायात येत हुती.”

“माझा नंबर होता तिथं.”

“आगं पोरी, बॅग परीक्षा देती व्हय?” मामा हसले. “गैरहजर लागलाय तुला. गैरहजर म्हंजे सी. जा आता.”

मला रडू आलं हे खरं. पण रडण्याच्या आधी राग आला, आणि तो का आला हे सांगायला हवं. आमच्या गावात टँकर त्याच्या मर्जीनं येतो. कधी सकाळी आठला, कधी दुपारी दोनला. तेवढा वेळ कोण उभं राहणार? रान असतं, मेंढरं असतात, घरचं सगळं असतं. म्हणून बायका उभ्या राहत नाहीत, घागरी उभ्या राहतात. अव्वा, म्हणजे माझी आई, कन्नडातून म्हणायची, घागर ठेवलीस ना, मग तू इथं काय करतेस, जा कामाला. दुसऱ्याची घागर हलवायची नाही एवढाच नियम नाही. रांग पुढं सरकली की आपल्याबरोबर पुढची बिनमालकिणीची घागरही सरकवायची, आणि तिची पाळी आली की भरायची. शेजारच्या आजी सुनेच्या बाळंतपणासाठी जतच्या दवाखान्यात अडकल्या होत्या, तेव्हा त्यांच्या तिन्ही घागरी अशाच भरल्या गेल्या आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या गेल्या. त्यातली एक मी उचलली होती. आणि इथं इंजिनिअर घडवणाऱ्या कॉलेजात माझ्या मागच्या तीस शिकलेल्या लोकांना एक बॅग पुढं सरकवता आली नाही!

मी बॅग उचलली आणि मामा आगं-आगं म्हणेपर्यंत आत घुसले. आत एक मॅडम आणि एक सर कागद आवरत होते. सरांसमोर चहाचे दोन कप होते. मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, वेळ संपली, तू कुठं होतीस?

“आय वॉज हिअर, मॅडम. माय बॅग वॉज हिअर.”

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे काय, नीट सांग.

मग सांगितलं. माझं तेव्हाचं इंग्रजी लपवत नाही. “टँकर कम एनी टाइम. वुमन नॉट स्टँड. पॉट स्टँड. वन पॉट, वन वुमन. नोबडी टच.” सरकवण्याला शब्द सापडेना, तेव्हा सरांचे दोन्ही कप टेबलावरून एकामागं एक ढकलून दाखवले. सरांनी घाईनं आपले कागद उचलले. आजी, सून, दवाखाना, तीन घागरी, सगळं सांगितलं. मॅडमचं लाल पेन सुरुवातीला माझ्या चुका टिपत होतं, ते मध्येच कुठंतरी थांबलं.

“आणि कुणी घागर हलवलीच तर?” त्यांनी इंग्रजीतूनच विचारलं.

“फाइट, मॅडम. बिग फाइट.”

आता त्याही हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, तुझं गाव ठीक आहे, पण हे कॉलेज आहे, इथं माणसानं स्वतः हजर राहायचं असतं.

इथं मी सॉरी म्हणून मान खाली घालायची होती. मोठ्यांपुढं जीभ चालवू नये हे मला चारही भाषांत शिकवलेलं होतं. पण तीन ते पाच ही वेळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“मॅडम, यू अंडरस्टूड?”

“येस.”

“एव्हरीथिंग?”

“एव्हरीथिंग.”

“देन आय ॲम नॉट ॲबसेंट.”

मॅडमनी यादी ओढली, माझ्या नावापुढची रेघ खोडली आणि तिथं मार्क लिहिले. सर काहीतरी म्हणायला गेले, पण त्यांनी यादी मिटली होती.

बाहेर पडताना मी मामांना सगळं सांगितलं, या वेळी मराठीतून, घागरींसकट. “पुढच्या वेळेला बॅग दिसली तर बाजूला नका ठेवू, पुढं सरकवा,” असंही म्हणाले. “लय श्यानी हायस,” म्हणून ते कुलूप शोधायला गेले.

तीन दिवसांनी यादी लागली. बी गट, खालून दुसरी. न्याय झाला वगैरे मी म्हणणार नाही. सी गटात आमच्याच भागातली कितीतरी पोरं होती आणि त्यांच्याकडेही सांगण्यासारखं असणार. त्यांना कुणी ‘नीट सांग’ म्हटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी लॅबला गेले. मशीन कमी, पोरं जास्त, दाराबाहेर रांग, आणि दारात तेच शिपाईमामा. पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी पाण्याची बाटली रांगेत ठेवली आणि सरळ कँटीनला गेले. भीती वाटत होती, पण मुद्दामच गेले. परत आले तर बाटली दाराजवळ पहिल्या नंबरला होती. मागचा एक मुलगा तावातावानं मामांना विचारत होता, माणूस कुठाय हिचा?

“माणूस न्हाई,” मामा म्हणाले, “पर नंबर हाय.”