मास्तर सिस्टिम टाकतात

मास्तरांनी आयुष्यभर परक्यांच्या कापडाला बिनदिक्कत कात्री लावली, पण बायकोच्या कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की त्यांच्या बोटांना घाम सुटायचा.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी ती घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. चांगली रेकॉर्डिंगं तिकडे गेली. तिथे ती अजूनही अनोळखी लोकांना शुद्ध, समजूतदार आवाजात गोष्टी सांगत होती. तो आवाज मास्तरांना नको होता. तशा आवाजात ती त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. त्यांना हवी होती ती वाया गेलेली रेकॉर्डिंगं. शेजारच्या खोलीत शिलाईचं मशीन खडखडायचं, मग "अहो, थांबवा ते" अशी हाक यायची आणि बाईसाहेब पुन्हा पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करायच्या. हा सगळा नासका माल त्या कॉम्प्युटरात होता, आणि कॉम्प्युटर सुरू व्हायचं नाव घेईना.

धाकटी मेहुणी एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची. तिने नवी डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह पाठवला, वर फोनवर तंबी दिली, "भावोजी, नव्या डिस्कवर नवी सिस्टिम टाका, मग ताईच्या डिस्कमधलं ऐकता येईल. पण टाकताना चुकून ताईची डिस्क निवडलीत तर सगळं पुसलं जाईल."

मास्तरांनी त्यावर शिंप्याचा तोडगा काढला. बेतायच्या टेबलावर गिऱ्हाइकाचा जुना कोट ठेवायचाच नाही. जुनी डिस्क सोडवून त्यांनी रुमालात गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

नवी डिस्क बसवली, पेन ड्राइव्ह लावला आणि त्यावरून सिस्टिम टाकली. पट्टी हळूहळू भरली, काम झाल्याचं पडद्यावर आलं, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि त्याने विचारलं, 'भाषा निवडा.' म्हणजे अगदी पहिलाच प्रश्न. मास्तरांनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा 'भाषा निवडा.' आणखी एकदा केलं, तरी तेच.

भर दुपारी मास्तरांच्या अंगावर काटा आला. जरा खुट्ट झालं की पहिल्यापासून सुरू करणारं माणूस त्यांनी उभ्या जन्मात एकच पाहिलं होतं. कॉम्प्युटरच्या आतला पंखा मध्येच थांबायचा, मध्येच घुमायचा. वाचायला लागण्याआधी ती असाच श्वास घ्यायची. समोर तिची खुर्ची रिकामी होती, तरी मास्तर उभेच होते.

"अगं, माझं मशीन बंद आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सकाळपासून बंद आहे."

पंखा घुमला.

तिला तिची जागा हवी असेल, असं मनात येऊन त्यांनी रुमालातली डिस्क काढून पुन्हा जोडली. आता पडद्यावर दोन डिस्कच्या दोन ओळी आल्या. वरची आपोआप निवडलेली. बोट बटणापर्यंत गेलं, आणि कात्री लावण्याआधी पुन्हा माप घ्यायची खोड आड आली. त्यांनी फोन लावला, दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"हात उचला, भावोजी," मेहुणी म्हणाली. "वरची लहान आहे ना? ती ताईची."

"तीच मला पुढे जाऊ देत नाही गं. दर वेळी पहिल्यापासून."

"ताई कशाला अडवतेय. पेन ड्राइव्ह काढला होतात का?"

"तो का काढू? कोट अंगावर नीट बसेपर्यंत कच्चे टाके उसवतात का कुणी?"

"सिस्टिम पहिल्याच खेपेला बसली होती. तुमचा कच्चा टाका आत आहे तोवर यंत्र आधी तोच वाचणार आणि पुन्हा शिवायला बसणार. बंद करा, तो काढा आणि मग सुरू करा."

या खेपेला यंत्राने काही विचारलं नाही. मेहुणीने सांगितलं तसं करत मास्तर जुन्या डिस्कमध्ये शिरले आणि पहिल्याच रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं. तिचा आवाज आला. कुठल्याशा जहाजाची गोष्ट. चार वाक्यं झाली नाहीत तोच मागे मशीन खडखडलं. मास्तरांनी मान खाली घातली आणि हाकेची वाट पाहिली.

हाक आली नाही. ती गप्प बसली होती. मग अगदी जवळून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बाही लावतायत. होऊ दे."

एवढ्या वर्षांत ती नुसत्या आवाजावरून शिलाई ओळखते, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते तिच्या खुर्चीत बसले. रेकॉर्डिंगमधला शिंपी सावकाश बाही लावत होता, ती थांबली होती, आणि त्या शिंप्याने आज तरी घाई करू नये, असं मास्तरांना वाटत होतं.