दर जूनचा प्राध्यापक

“जून तर येऊ दे की, सर.”

घर बांधायचा विषय निघो, नाहीतर मुलीच्या शाळेचा, त्याचे उत्तर ठरलेले असे. आमच्या कोल्हापूरच्या महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर इतिहास शिकवीत असे. म्हणजे उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि जूनमध्ये नव्याने मुलाखत. मुलाखत घेणारा विभागप्रमुख मीच. दरवर्षी मी गंभीर चेहऱ्याने म्हणे, “आपला परिचय द्या.” तो म्हणे, “गेल्या वर्षीचाच हाय, सर.”

त्याच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितले की त्याच्यात चिकाटी नव्हती, म्हणून तो नोकरी सोडून गेला. तुम्हीही हेच ऐकले असेल. ते साफ खोटे आहे. मी त्याच्यासोबत होतो.

त्याचे काम सुटले त्या वर्षी इतिहासाच्या वर्गाला किमान संख्येसाठी एक विद्यार्थी कमी पडत होता. तो मिळाला नाही तर विषय बंद, आणि त्याचे कामही. मे महिन्यात आम्ही प्राध्यापक मंडळी प्रवेशांसाठी दारोदार हिंडतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पेठ वडगावात एका शिंप्याच्या मुलीने बारावीला चांगले गुण मिळवले होते. तिच्या घरी आम्ही दोघे निघालो; वाटेत मी त्याला बजावले, “विचारतील त्याला हो म्हणायचे.”

शिंप्याने विचारले, “पावणं, हिला तुमच्याकडं घातली तर नोकरी लागंल न्हवं?”

“मला शिकवायला लागून सतरा वर्षं झाली, मामा,” तो म्हणाला. “मलाच अजून पक्की लागली न्हाय. आवड असंल तर पाठवा. नोकरीच पायजे तर नर्सिंगला घाला.”

“मग दारात कशाला आलाय?”

“माझा वर्ग टिकवायला.”

शिंपी मनापासून हसला. त्याने आम्हाला चहा पाजला आणि मुलीला नर्सिंगला घातले.

परतताना मी संतापलो. “एक हो म्हटले असतेस तर काय बिघडले असते?”

“तिचं बिघडलं असतं की, सर.”

जूनमध्ये विषय बंद झाला. तो बंद करण्याच्या प्रस्तावावर पहिली सही माझी आहे; तेही शोकसभेत कुणी सांगितले नाही. पुढे तो शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागला. मुलांच्या प्रकल्पांच्या प्रती काढता काढता त्यांतल्या चुका दाखवी.

तो गेला त्या दिवशी मी मंगळवार पेठेतल्या त्याच्या घरी गेलो. वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर त्याच्या पत्नीने माझ्यापुढे धरला.

“सर, नावाआधी ‘प्रा.’ लिवलं तर कॉलेजातनं कोण हरकत घेणार न्हाय न्हवं?”

“घेतली तर माझ्याकडे पाठवा,” मी म्हणालो.

मग कागद पाहिला. सगळा मजकूर शाईने लिहिला होता. ‘प्रा.’ तेवढे पेन्सिलीने.