वाळू मारलेला दात

सुनेने सासूवर हात उचलला, ही कुजबूज आमच्या गल्लीत बरेच दिवस चवीने चघळली गेली. सून घरच्याच पुढच्या खोलीत दातांच्या कॅप बनवते, तेव्हा सासूचा दातच पाडला असणार, अशी भरही कुणीतरी घातली.

ही सून कामाला बसली की छप्पर कोसळलं तरी मान वर करायची नाही. सासूबाई मात्र बोलघेवड्या. त्यांच्या तावडीतून पोस्टमनही लवकर सुटत नसे. पण समोरच्या दाताच्या धातूच्या कॅपवरचा पांढरा थर निघाला आणि बाई तोंडाला रुमाल लावून मुक्या झाल्या. त्यात शाळेतली मैत्रीण कित्येक वर्षांनी भेटायला येणार होती.

"तिला सांग, मी घरी नाही. तोंडात चमचा धरल्यासारखी हसू का तिच्यासमोर?"

दातांच्या डॉक्टरांनी कॅप काढून सुनेकडे दिली. तिने भिंगाखाली पाहिलं. धातू आरशासारखा गुळगुळीत, थर धरणार कशाला? तिने काचेच्या पेटीत कॅप धरून हवेच्या जोराने बारीक वाळूचा फवारा मारला. चकाकी गेली, धातू राखाडी, खरखरीत झाला. कॅप धुऊन, सुकवून ती आता चिकटवायचं द्रव्य लावणार, तोच सासूबाई उठल्या.

"अगं, केवढी मळकट करून ठेवलीस," म्हणत बोटाने पुसायला गेल्या.

चट्.

"आई, हात नाही लावायचा."

"का? माझे हात घाण आहेत?"

"स्वच्छ आहेत. पण बोटाचं तेल लागतं. त्यावर थर दिला तर उद्या मैत्रिणीसमोर चहात पडेल."

"बोट लागलंय वाटतं थोडंसं," सासूबाई पुटपुटल्या.

पुन्हा वाळू, पुन्हा धुणं. सासूबाई हाताची घडी घालून फुगून बसल्या, पण नजर कॅपवरून हलेना.

संध्याकाळी नवा पांढरा थर चढलेली कॅप डॉक्टरांनी दातावर बसवली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली आणि सासूबाईंनी साठलेलं सगळं बोलणं उपसलं. "काय सांगू, सुनेने मारलं गं मला," म्हणाल्या आणि दोघी तोंड उघडं टाकून हसत सुटल्या. समोरच्या शिंप्याला वाक्य तेवढं ऐकू आलं. हसणं त्याच्या मशीनच्या खडखडाटात बुडालं.

सुनेने सासूच्या हातावर एक चापट मारली होती. धुतलेल्या धातूला बोट लागू नये म्हणून.