ओटीतली गोळी

टेम्पो सुरू झाला तेव्हा दारात एकटी माझी मैत्रीण रुक्मी उभी होती. बाकीच्या बाया आतून बघत होत्या. पडदे हलत होते, माणूस बाहेर येत नव्हतं. गादी, स्टोव्ह, भांड्यांचं पोतं आणि मांडीवर तान्ही पोर, एवढा संसार घेऊन आम्ही नवराबायकोनं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली गल्ली सोडली आणि बदलापूरला कुळगावात खोली घेतली. तासाभराचासुद्धा रस्ता नाही तो. पण परत जायला तोंड राहिलं नाही, म्हणून मला तो परदेशच झाला.

बायांनो, तुमच्यातल्या काही अजून तिथंच आहात, काही माझ्यासारख्या उठून गेलात. हे तुमच्यासाठी लिहिते आहे. रागावलात तर रागवा.

आपला पँटींचा कारखाना आठवतो ना? दिवसभर फरशीवर मांडी घालून धागे कापायचे. कंबर अशी धरायची की उठताना एकमेकींचा हात लागे. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मला कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याही थोड्याच दिवसांपुरत्या. पण चिठ्ठी जुनी होत नाही, हा शोध आपलाच. मेडिकलवाले काका म्हणायचे, "बेटी, पुरानी चिट्ठी है ना, चलेगा." माझ्या चिठ्ठीवर तुम्ही घेतल्यात, तुमच्या चिठ्ठीवर मी. चारच्या चहाबरोबर गोळी, हे आपलं हळदीकुंकूच होतं. दुखणं जायचं आणि वर जरा बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या बऱ्या वाटण्याची मी सकाळपासून वाट बघायची.

दिवस गेले तेव्हाही घेत राहिले. डॉक्टरांना मी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. औषधच ते, दारू थोडीच, असं मला वाटायचं.

पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात आई मला माहेरी जांभूळला घेऊन गेली. तिथं गोळी नव्हती. दोन दिवसांत अंग मोडून आलं, नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, पाय एका जागी ठरेनात. "कॅम्पातल्या कुनाची तरी नजर लागली माज्या पोरीला," म्हणत आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी गुपचूप रुक्मीला निरोप धाडला. ती कारखान्यातली माझी जिवाची मैत्रीण. ओटी भरायचं निमित्त करून आली. खण, नारळ, तांदूळ, आणि खणाच्या घडीत गोळ्यांचं पाकीट. आई कौतुकानं बघत होती. मी पदर पसरला. लेकरासाठी भरतात ती ओटी मी गोळीसाठी घेतली. याची लाज मला आजही वाटते, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

पोर सरकारी दवाखान्यात झाली. दुसऱ्या दिवसापासून थरथरायला लागली. रडणं असं चिरकं की वॉर्डातल्या बाया कान झाकत. दूध ओढेना. आई म्हणे नजर, नर्स म्हणे पोटात दुखत असेल. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोरीचे हातपाय हलवून बघितले आणि मला विचारलं, "गरोदरपणात काही औषध घेत होतीस?"

आईनं माझा हात दाबला. तिला गोळीचं ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा बघून काहीतरी झाकायचं आहे एवढं तिला कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिनं मला लहानपणापासून ऐकवलेलं. मी पोरीकडं बघितलं आणि सगळ्या वॉर्डासमोर सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "आता कळलं ना, आता इलाज करता येईल," म्हणाल्या. "अफूच्या जातीची गोळी ती. पोरीच्याही अंगाला तिची सवय लागलीय." त्यांनी थेंबाथेंबानं औषध देऊन पोरीची सवय सोडवली, आणि माझी गोळीही हळूहळू उतरवली. पोर वाचली. आईनं मात्र त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही, आणि माझ्या नजरेला नजरही दिली नाही.

बातमी माझ्याआधी कॅम्पात पोचली होती. हात दाखवून अवलक्षण केलं, असं तुम्ही म्हणालात. पोरीला मी नाव ठेवलं होतं, पण गल्लीत ती 'गोळीवालीची' झाली. आणि तुमचा चारचा चहा चालूच होता! राग येतो मला. पण राग फार वेळ टिकत नाही, लाज टिकते.

आता तीच पोर बाळंतपणाला माझ्याकडं आली आहे. घर म्हणजे आपलं सगळं झाकून घेणारी जागा, असं मी आजवर धरून चालले होते. काल तिच्या पाठीला तेल लावत होते, तर म्हणाली, "आई, एखादी पेनकिलर दे ना. मेडिकलमधून आणली तर चालेल ना?" मी तिथंच बसले आणि सगळं सांगितलं. ओटीसकट सांगितलं. ती उठून बसली. मला वाटलं, ही आता बॅग भरणार.

"मी खूप रडायचे?" तिनं विचारलं.

"खूप."

"आणि तू?"

हे मला इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं, जांभूळमध्ये नाही, कॅम्पात नाही, या खोलीतही नाही. घर म्हणतात ते हेच असावं.

"मला रडायचीही लाज वाटायची गं," मी म्हटलं.