जित्याला शिवायचं नाही

मॉक ड्रिलमध्ये मढं नेहमी मीच व्हायचे.

कशेळीच्या एका गोदामाच्या आवारात आमच्या आपत्ती पथकाची गाडी उभी. समोर खुर्च्यांवर साहेबलोक. एक जखमी, एक बेशुद्ध, एक मेलेला, असं नाटक लावायचं. जखमी व्हायला सगळे पुढं. मेलेला व्हायला कुणी नाही. अपशकुन. ड्रायव्हर काका तर स्पष्टच म्हणाले, "मी झोपलो न् बायकोला कळलं, तं घरात घ्यायची न्हाय." मग आमच्या टीमचे सर माझ्याकडे वळले. "तू झोप. तुमच्यात असलं काही मानत नाहीत ना."

खरंय. नाही मानत. आमच्या आज्यानं दिघाशीत देव्हारा उचलून पाण्यात सोडला, तेव्हापासून घरात शकुन नाही न् अपशकुन नाही. आज्या ज्यातून सुटला, त्या सुटकेचाच यांनी मला फास लावला. वा रे वा.

झोपले. तोंडावर पांढरी चादर. वरून सरांचा आवाज, कुणा पाहुण्याला सांगत होते, "हिला सवय आहे. यांच्यातले लोक पूर्वी मेलेली ढोरंच ओढायचे ना." दोघं हसले. चादरीखाली माझे कान तापले. पण मेलेल्यानं बोलायचं नसतं. मी श्वास धरून पडून राहिले.

ट्रेनिंग सगळ्यांचं एकच. दोर, कटर, जॅक, सगळं मीही शिकलेली. पण ड्युटी लागली की माझ्या हातात बॉडीच्या बॅगा. इतरांनी एक बॅग कधी धरली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात शेलारकडची एक पॉवरलूमची इमारत बसली. दिवसाची शिफ्ट चालू असताना. आम्ही पोचलो तर सळयांना सूत गुंडाळलेलं, सगळीकडं सूतच सूत. सरांनी कामं वाटली. मला बॅगा. दुपारभर मी माणसं भरत होते. काहींचे हात अजून कोमट होते. ते अजून आठवतं.

मग पडलेल्या जिन्याखालून बाईचा आवाज आला. शबनम नाव. लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. पाय स्लॅबखाली. फट इतकी अरुंद की आमचे गडी खांद्यापाशीच अडकायचे. मी अंगानं बारीक. म्हणाले, "सर, मी जाते. दोर बांधा."

सर जवळ आले. आवाज खाली केला. "तू नको. दुपारपासून प्रेतं उचलतेस. त्या हातानं जित्याला शिवायचं नाही. वाचणारी असली तरी वाचायची नाही."

शिवायचं नाही. हा शब्द मी आज्याच्या तोंडून ऐकलेला. माझ्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. डोक्याला हेल्मेट, कमरेला वॉकीटॉकी, न् तोंडात हा शब्द. आत बाई ओरडतेय न् हा बाहेर विटाळ सांगतोय. माझं डोकंच फिरलं.

"सर, बाजूला व्हा," म्हणाले. दोर मीच कमरेला बांधला. दुसरं टोक ड्रायव्हर काकांना दिलं. काकांनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. धरला.

आत अंधारात हात सापडला. "दीदी, हाथ मत छोड़ना," ती म्हणाली. "नहीं छोड़ती," म्हणाले. जॅक लावेपर्यंत ती गावाकडच्या पोरीचं सांगत राहिली, पोर फार हट्टी आहे म्हणे. आम्ही तिला जिवंत बाहेर काढलं. अॅम्ब्युलन्समध्ये घालताना ती माझ्याकडे बघत होती. दवाखान्याच्या वाटेतच तिनं जीव सोडला.

निरोप आला तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हटलं होतं ना तुला."

ते वाक्य माझ्यात घुसलं. भाकरी थापताना मध्येच हात थांबतो. खरंच माझ्यामुळं? आई म्हणते, "काय बघतीस त्याच्याकडं? हातच हाय तो." मला कळतं. तरी शबनमची बोटं मनगटाला जाणवतात, पकड सैल होत नाही. देव गेले आमच्या घरातून, आणि एका माणसाच्या तोंडचं विष असं आत बसावं, याची मला जास्त चीड येते.

परवा हजेरीला सगळे जमले होते. मी सरांना विचारलं, "बाई स्लॅबनं मारली. पण ती ओरडत होती न् तुम्ही मला शिवाशिव शिकवत उभे होतात, त्या वेळेचा दोष कुणाच्या हातावर घालायचा?"

सर म्हणाले, "काँट्रॅक्टवर आहेस. लक्षात ठेव."

आहे लक्षात. काढायचं तर काढा, पण कारण तोंडानं सांगून काढा, सगळ्यांसमोर. गाडीवर आहे तोवर बॅगा सगळ्यांनी उचलायच्या, मढं सगळ्यांनी व्हायचं. आणि फट दिसली की कुणाला विचारत बसणार नाही मी. मेलेल्याला शिवेन, त्याच हातानं जित्याला शिवेन.