तीन खोल्यांचा सौदा

पुनर्वसनाच्या साहेबाने मला फसवले आणि मी माझ्या गावच्या शाळेला फसवले. यातली दुसरी गोष्ट कबूल करायला मला चार वर्षे लागली.

मी मोताळ्याच्या बाजारात बैलांची दलाली करून वर आलेला माणूस. शिक्षण चौथी. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभे राहायचे, रुमालाखाली बोटे धरून भाव सांगायचा, आणि जमले की हातावर हात मारायचा. हात मारला की सौदा संपला. कागद नाही, साक्षीदार नाही. जो नंतर फिरतो त्याच्यासमोर पुढच्या बाजारी कोणी रुमाल धरत नाही.

नातीचा पालक म्हणून मी शाळा समितीचा अध्यक्ष झालो, त्याच वर्षी धरणात जाणारे एक गाव आमच्या शिवाराला लागून वसवायचे ठरले. नव्या वसाहतीत रस्ते होते, नाल्या होत्या, शाळा नव्हती. पोरे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येणार होती. साहेब म्हणाला, "जागा पुरेशी आहे असं समितीनं लिहून द्या." आमच्याकडे चार खोल्या. मी म्हणालो, आणखी तीन बांधून द्या, मग सही. तो एका खोलीवरून दोनवर आला, मी त्याला तीनवर आणले आणि हात पुढे केला. त्याने हसत हसत हातावर हात मारला. मी सही केली. कागदावर खोल्यांचा एक शब्द नव्हता. बाजारातल्या कुणाकडून मी असा मार खाल्ला नसता.

जूनमध्ये पोरे आली, खोल्या आल्या नाहीत. साहेबाची बदली झाली होती. नव्या साहेबाने माझीच सही माझ्यापुढे ठेवली.

मग आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी शाळा सकाळची आणि दुपारची केली. माझी नात दुपारच्या शाळेत गेली हे ऐकून मी तसाच शाळेत पोचलो.

"बाई, माह्या नातीले दुपारी काऊन टाकलं?"

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या, भाऊ. तिनंच उचलली."

"आमची पोरं सकाळी घ्या, धरणाची दुपारी. सोपं काम आहे."

"म्हंजे सकाळची शाळा तुमची, अन् दुपारची त्याईची. वर्षभरात दोन शाळा होतीन. दुसरीले अध्यक्ष पाहून ठेवला का तुम्ही?"

मी आवाज चढवला. बाई लोणारकडच्या, आवाज चढवणाऱ्याकडे त्या वही तपासता तपासता बघतात. मी एकेक पायरी उतरत गेलो. पोरी तरी सकाळी घ्या. बरे, पाचवीच्या वरच्या पोरी घ्या. बरे, निदान माझी नात. बाई एक बोटभर सरकल्या नाहीत. शेवटी त्यांनीच विचारले, "नवा बैल जुंपता तवा जोडीले कोणता लावता?"

"कामाचा लावतो. दोन्ही नवे लावले तर गाडी नाल्यात जाते."

"झालं मंग," असे म्हणून त्या वर्गाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाकावर एक गावचे पोर आणि एक वसाहतीचे. मला वाटले, आपली पोरे कामाची, ती नवी. महिनाभरात माझी नात घरी येऊन सांगू लागली, की बाकावरची वसाहतीची पोरगी भागाकार शिकवते. त्या गावची शाळा बुडायच्या आधी चांगली चालत होती. मी कुणालाही हे सांगितले नाही.

त्या लोकांनी गाव सोडताना शाळेची दारे, खिडक्या, पत्रे उतरवून ट्रॉलीत आणले होते. वसाहतीत ते सामान एका घरामागे ताडपत्रीखाली पडून होते. शाळेच्या अंगणात एक खोली उभी करायला बाईंनी ते मागून घेतले. आमच्याकडच्यांनी खांब दिले, त्यांच्याकडच्यांनी पत्रे चढवले. पाया खणताना वसाहतीतला एक म्हातारा मला म्हणाला, "दलालसाहेब, तुमच्या तीन खोल्या काही दिसून नाही राह्यल्या. आमची अर्धी पाहून घ्या." सगळे हसले. मीही घमेले उचलले, दुसरे काय करणार. आठ दिवसांत आमच्या अंगणात त्यांच्या शाळेचा दरवाजा उभा राहिला. पत्र्याखाली बसायला दुसरी-तिसरीची पोरे भांडायची.

पुढच्या वर्षी दुपारची शाळा बंद झाली, सगळी पोरे सकाळीच बसू लागली. गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी गावची काही पोरे परत आली. मी आयुष्यभर माणसे पारखली, पण बाईंसारखी सौदा करणारी पाहिली नाही. त्यांच्या हातात द्यायला काहीच नव्हते, आणि दोन्ही गावांनी त्यांना सगळे दिले.

या उन्हाळ्यात जिल्हा परिषदेचे पत्र आले. पत्र्याची खोली विनापरवाना आहे, ती पाडावी. शाळेत जागा अपुरी असल्याने वसाहतीच्या पोरांची नावे दुसऱ्या गावच्या शाळेत घालावीत. ती शाळा इथून दहा किलोमीटर. एसटी सकाळी एकच, तीही शाळा भरल्यावर पोचते. वसाहतीतल्या दोन बापांनी मला स्पष्ट सांगितले, पोरी एवढ्या लांब पाठवणार नाही, घरी ठेवू.

जागा पुरेशी म्हणून माझ्याकडून लिहून घेणारे सरकार आणि जागा अपुरी म्हणून पोरे हलवणारे सरकार एकच आहे. बाईंनी उत्तर पाठवले. मी त्याला माझा अर्ज जोडला: माझी सही तीन खोल्यांच्या शब्दावर घेतली होती, तो शब्द मोडला, आणि कागद न वाचता सही करणारा गाढव मीच. आता माझे झाकण्यासारखे काही उरलेले नाही.

ज्याने शब्द दिला तो साहेब आज मोठ्या खुर्चीवर आहे, असे ऐकतो. शाळा उघडायच्या आत त्याने इथे यावे. बाईंच्या समोर, भरलेल्या वर्गात उभे राहावे, आणि कोणत्या बाकावरचे कोणते पोर उठवायचे ते स्वतःच्या तोंडाने सांगावे.